काकांची नळी बारा दिवस कुणी काढलीच नाही

गेल्या महिन्यात एका काकांना बघायला दवाखान्यात गेलो होतो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठेही दिसेल. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालेलं, पण हुडहुडी भरून ताप येत होता. लघवीची नळी बारा दिवस तशीच. पिशवी कॉटखाली फरशीवर लोळतेय. दोन अँटिबायोटिक झाली, तिसरं महागडं इंजेक्शन आणायला मुलगा मेडिकलला पळालेला. नळी अजून का, विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "काढायची ऑर्डर नाही."

घरातल्या पाण्याच्या पिंपात आतून बोट फिरवून बघा. बुळबुळीत लागतं ना? नुसतं पाणी ओतून ते जात नाही, घासावं लागतं. जंतू नळीवर असाच थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. चिकट आवरणाखाली बरेच जंतू सुस्त पडून असतात आणि औषध त्यांच्यावर नीट चालत नाही. बाहेरचे मरतात, ताप उतरतो, डोस संपला की पुन्हा चढतो. नळी आतून घासता येत नाही. ती काढावी किंवा बदलावीच लागते. काकांची बदलली, नव्या नळीतून नमुना कल्चरला पाठवला, तेव्हा कुठे योग्य औषध सापडलं.

नळी आत असली की लघवीत जंतू येण्याचा धोका दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के धरतात. महिनाभर राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. (त्रास नसताना नुसता रिपोर्ट बघून अँटिबायोटिक देणं, हाही आपल्याकडचा एक रोगच.)

मग नळी राहते का? काहींची लघवी खरंच अडते, त्यांना ती लागतेच. पण पुष्कळदा रात्री अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर, भांडं द्यायला मावशी नाही, म्हणून राहते. आणि खरं सांगू, आपणही म्हणतो, "राहू द्या ओ, रात्री उठायचा त्रास नको." सिस्टरांना दोष देऊन काय होणार?

माझं म्हणणं एवढंच की नळी घातली ती तारीख पिशवीवर आणि केसपेपरवर लिहा. रोज राऊंडला "आज गरज आहे का?" हे विचारणं सक्तीचं करा, आणि ठरलेल्या नियमात बसत असेल तर सिस्टरला नळी काढायची मुभा द्या. याला मशीन लागत नाही, निधी लागत नाही. नातेवाइकांनीही रोज विचारा. पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीपासून वर ठेवा, नळीला हात लावण्याआधी हात धुवा. स्वतः मात्र ओढू नका, आत फुगवलेला फुगा असतो.

आपल्या सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीतले काही जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घेणार का, कमेंटमध्ये सांगा.