तलाव कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, मी नालवाडीचा. वर्धेला चिकटलेली नालवाडी. दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या वस्तीतला एक पोट्टा माझ्या डोळ्यांदेखत खदानीत बुडून मेला. पारा 46 वर गेलेला. पत्र्याखाली जीव शिजत होता. आम्ही चौघं पळालो पाण्याकडे. पोहता एकालाही येत नव्हतं. तो आधी उतरला, एवढाच त्याचा गुन्हा. मी काठावर होतो म्हणून आज हे लिहितोय.

मढं वस्तीत आणलं तेव्हा म्हातारे आम्हालाच झोडत होते. "काहून गेले होते बे तिकडं मराले?" पण कुणीच विचारलं नाही, की या पोरांनी जायचं तरी कुठे होतं?

पुढे नोकरीसाठी शहरात आलो. सरकारी पैशाने बांधलेल्या एका तलावावर गेलो. फाटकावरच्या माणसाने माझ्या चपलांकडे पाहिलं. मग कार्ड मागितलं. कार्ड नाही? मग फॉर्म भरा, डॉक्टरचा दाखला आणा, तीन महिन्यांची फी आगाऊ भरा, पोहण्याचा पोशाख घ्या, टोपी घ्या. जात कोणीही विचारली नाही. विचारायची गरजच काय? जे काम पूर्वी मनू करायचा, ते आता पावतीपुस्तक करतं. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. मला खदान आठवली.

हे आमच्या बैठकीत बोललो तर आपलेच कार्यकर्ते खिदळले. एक जण म्हणाला, "नळाले पाणी येते दिवसाआड अन् याले पोहाले पायजे! बामनाचे चोचले हायत हे." राग त्याचा नाही आला. त्याच्या डोक्यात ही मोजपट्टी कुणी घातली, त्याचा आला. आम्ही मागायचं ते फक्त जगण्यापुरतं. गटार मागा, खांबावरचा दिवा मागा, समाजमंदिर मागा. वस्ती सुधारणेचा निधी येतो तोही याच नावांनी. आणि खेळ, गंमत, पाण्यात मारलेली उडी? ती 'सर्वसाधारण' निधीतून. सर्वसाधारण म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे का?

म्हणून जरा महाडला जाऊ. चवदार तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो, पण तिच्यातला पैसा गाळून सांगतो. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोले यांनी, चुकलो, सी. के. नव्हे, सीताराम केशव म्हणजे सी. के.च म्हणा, आपण त्यांना रावबहादूर बोले म्हणूनच ओळखतो, तर या बोल्यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. त्यात पाणवठे, विहिरी, धर्मशाळा कोणत्या? सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या, सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातल्या. त्या अस्पृश्यांना खुल्या. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला आणि कागद कपाटात ठेवला. तेव्हा 1926 मध्ये बोल्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं हे पाळणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा! शेंडी कुठे पकडायची, ते या माणसाला बरोबर कळलं होतं.

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली. सवर्णांनी डोकी फोडली, मग 108 घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र टाकून तळं 'शुद्ध' केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला 17 मार्च 1937 ला. एका ओंजळीला दहा वर्षं! आणि ते पाणी प्यालो नाही तर मरू, म्हणून बाबासाहेब तिथे गेले नव्हते. आपणही माणूस आहोत, हे ठरवायला गेले होते. मग आम्हाला 'चैन' म्हणून हिणवणाऱ्यांनी चवदार तळ्यालाही चैनच म्हणावं.

आणि घटना उघडून बघा. कलम 15 चं दुसरं उपकलम. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक जागा, ज्या पूर्णपणे किंवा अंशतः सरकारी पैशावर चालतात, तिथे जातीवरून कुणालाही अडवता येणार नाही. 'अंशतः' हा शब्द पाठ करा. सरकारचा थोडा जरी पैसा लागला, तरी तलाव आपला.

पण व्यवस्था हुशार असते. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात जॅक्सन नावाचं शहर आहे. तिथे नगरपालिकेचे पाच पोहण्याचे तलाव होते, चार गोऱ्यांचे, एक काळ्यांचा. कोर्टाने 1962 मध्ये सांगितलं, हा भेद चालणार नाही. नगरपालिकेने काय केलं? काळ्यांबरोबर एका पाण्यात उतरण्यापेक्षा तलावच चालवायचे बंद केले! 1971 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी हे चालवून घेतलं. म्हणे दोघांनाही बंद, म्हणजे समानता! ज्या काळ्या पँथरांकडून आपण नाव घेतलं, त्यांच्या देशातली ही गोष्ट.

आपल्याकडे तलाव बंद करावा लागत नाही. फी वाढवली की पुरतं. 2001 च्या क्रीडा धोरणापासून विभाग, जिल्हा, तालुका अशा पायऱ्यांनी क्रीडा संकुलं उभी राहिली. बांधायला सरकारचा पैसा, म्हणजे माझ्या आईने घेतलेल्या काडेपेटीवरसुद्धा भरलेला कर. चालवायची वेळ आली की कंत्राटदार आणि फी. आईचा पैसा आत गेला, आईचा पोरगा बाहेर राहिला.

नालवाडीला तर उद्धारकांची कमी कधीच नव्हती. 1932 मध्ये विनोबा इथे येऊन राहिले. वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. त्याआधी 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी वर्धेचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना उघडलं. त्यांनी आम्हाला देव दाखवला, चरखा दिला, कातडं नीट कमवायला शिकवलं. आमच्या पोरांना पोहायला शिकवावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. हरिजनाने राबावं, स्वच्छ राहावं, प्रार्थना करावी. त्याने पाण्यात दंगा करावा, हे कुठल्याच उद्धाराच्या पोथीत बसत नव्हतं.

तेव्हा भीक नको. हिशेब पाहिजे. सरकारी पैशाच्या प्रत्येक तलावाने फाटकावर पाटी लावावी: किती पैसा सरकारचा, फी किती, आणि वस्त्यांतली किती पोरं इथे पोहायला शिकली. शाळेतल्या पोरांना फी माफ. उन्हाळ्यात वस्तीसाठी राखीव तास, आणि शिकवणारा पगारी माणूस. नवा तलाव होईल तो वस्तीतून पायी जाता येईल अशा जागी. आणि जो तलाव हे पाळणार नाही, त्याचं अनुदान बंद! मागणी नवी नाही. बोल्यांनी ती 1926 मध्येच लिहून ठेवली आहे.

आणि नळ आधी की तलाव, हे आम्हाला विचारू नका. साहेबांच्या कॉलनीत दोन्ही एकदम आले, तेव्हा कुणी विचारलं होतं?

येत्या उन्हाळ्यात पोरं पुन्हा खदानीकडे पळतील. तुम्ही कितीही झोडा, पळतीलच. उकडतं त्यांना. त्याआधी आपण तलावाच्या फाटकावर जाऊ. पन्नास पोरं घेऊन, चड्डीवर, टॉवेल खांद्यावर टाकून. कार्ड मागितलं तर घटनेचं पंधरावं कलम दाखवू.

जय भीम.