‘वय झालं’ हे निदान नव्हे

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांसाठी रांग लागे. पेन्शनर मंडळी काठी टेकत, नातवाचा हात धरून येत. रांगेत विषय एकच : डॉक्टर काय म्हणाले? आणि बहुतेकांचे डॉक्टर तेच म्हणालेले असत, ‘आजोबा, आता वय झालं.’

या वाक्याचा पोकळपणा मला उमगला तो आईमुळे. २००४ साली ती ८१ वर्षांची होती. वरचा रक्तदाब १७०च्या पुढे. एका डॉक्टरांनी गोळी सुरू केली, दुसऱ्यांनी बंद केली. ‘या वयात दाब उतरवला तर चक्कर येऊन पडतील,’ म्हणाले. आम्हा भावंडांच्या बहुमताने गोळी बंदच राहिली. २००६च्या श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर चौदा महिने ती होती. उजव्या हाताने घास काही उचलता आला नाही.

डॉक्टरांवर माझा राग नाही. दोघेही अंदाजानेच बोलत होते, कारण ऐंशीच्या पुढच्या माणसांवर या औषधांची पुरेशी चाचणीच झालेली नव्हती. म्हाताऱ्यांना चाचण्यांतून वगळण्याची रीत जुनीच. एका माणसाला चार आजार आणि सहा गोळ्या, हिशेब जुळत नाही! अखेर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील डॉक्टरांनी अनेक देशांतले ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्ण निवडले. निम्म्यांना औषध दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. औषध घेणाऱ्यांतले मृत्यू सुमारे एकपंचमांशाने कमी दिसले, तेव्हा चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. निष्कर्ष २००८ साली छापून आले. आईला जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. (ते रुग्ण तसे धडधाकट होते, हेही सांगायला हवे. आई त्या गोळीने वाचलीच असती, असे मी म्हणत नाही.)

हा प्रश्न प्रयोगशाळेत बसून सुचणारा नाही. तो ओपीडीत म्हाताऱ्याची नाडी पाहणाऱ्यालाच पडतो. पण आपल्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरसमोर दारापर्यंत रांग; त्याने प्रश्न पडू द्यायचा तरी केव्हा? शिवाय संशोधन हे उपजत येत नाही. नोंदी कशा ठेवायच्या, तुलना कोणाची कोणाशी करायची, विसरभोळ्या आजींची संमती कशी घ्यायची, हे सारे शिकावे लागते. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या मध्यापासून पॉल बीसन या वैद्यकाच्या नावाने वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना अनुदान मिळते. त्यात मला भावली ती अट : डॉक्टरचा पाऊण वेळ संशोधनासाठी राखून ठेवायचा. पैसा देणारे पुष्कळ भेटतात. वेळ देणारा विरळा.

आपल्याकडे काहीच नाही असे नव्हे. मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ साली वृद्धरोगशास्त्राचा एम.डी. सुरू झाला. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षे व त्यापुढच्या माणसांची, त्यांच्या जोडीदारांसह, ७२ हजारांवर नोंद केली. अगदी हाताच्या पकडीची ताकदसुद्धा मोजली. एवढी खातेवही तयार आहे, ती तपासणारे हात मात्र थोडे. एम.डी.चा प्रबंध पदवीपुरता लिहिला जातो आणि कपाटात जातो. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी निदान दोन-चार तरुण डॉक्टरांचे आठवड्यातले तीन दिवस लेखी आदेशाने मोकळे करावेत, पाच वर्षांसाठी. मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज बुडते, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको.

माझी पुतणी एम.बी.बी.एस.ला आहे. विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची संशोधन योजना १९७९पासून आहे. तीत तिला घरात पडून हाड मोडलेल्या वृद्धांच्या गोळ्यांची नोंद करायची आहे. परवा तिच्या आईचा फोन आला. ‘भाऊजी, हिला जरा समजवा. पीजीची तयारी सोडून कुठे म्हाताऱ्यांच्या गोळ्या मोजत बसते?’

मी पुतणीला फोन केला, आणि माझ्या स्वतःच्या सात गोळ्यांची नावे सांगितली.