नळ किती सोडायचा?

दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचे तर पुण्यात तो दिवस बहुधा गुरुवार असतो. मग विश्रांतवाडीकडच्या प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातन शुक्रवारवर जाते आणि शुक्रवारी कंडेन्सरचे पाणी दिवसभर बेसिनमध्ये वाहते. आदल्या दिवशी ज्याच्यावाचून काम अडले, ते पाणी मोजतो कोण?

मोजणे अवघड नाही. वाफेचा द्रव होताना सुटणारी उष्णता वाहून नेणे, एवढेच कंडेन्सरचे काम. तासाला अर्धा लिटर इथेनॉल गाळायचे, तर वजन सुमारे ३९५ ग्रॅम. ग्रॅममागे साधारण ८४० जूल धरले, तर उष्णता होते ३३० किलोजूल. पाणी ५ अंशांनी तापू दिले, तर तासाला १६ लिटर पुरतात. मिनिटाला एक लिटर सोडणारा नळ ६० लिटर घालवतो. बाहेर येणारे पाणी आत जाणाऱ्यापेक्षा जराही कोमट लागत नसेल, तर नळ जास्त सुटला आहे.

पाणी खालून आत, वरून बाहेर हा नियम आपण पाळतोच. त्यामुळे बाहेरची नळी भरलेली राहते. तरीही वाफ निसटत असेल, तर आच कमी करावी किंवा जास्त पृष्ठभागाचा कंडेन्सर लावावा. उत्कलनबिंदू १५० अंशांच्या वर असेल, तर पाणी नकोच. काच तडकण्याची भीती असते. तिथे हवेवरचा कंडेन्सर पुरतो.

गार करायला वाहते पाणीच हवे असे नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्रावरच्या जुन्या ग्रंथातल्या तिर्यक्पातन यंत्रात पाऱ्याच्या घड्याला तिरपी नळी जोडून तिचे टोक दुसऱ्या घड्यात सोडले आहे. त्या घड्यात गार पाणी आहे, पण ते वाहते नाही.

आपल्यालाही पाणी वाहून न घालवता काम भागवता येईल. २० लिटरची बादली आणि कूलरमध्ये असतो तसला छोटा पंप घ्या आणि तेच पाणी कंडेन्सरमधून फिरवत ठेवा. वरच्या हिशेबाने बादली तासाला जेमतेम ४ अंशांनी तापेल. दुपारी बर्फाची पिशवी टाका. ईथरसारख्या ३५ अंशांच्या आतच उकळणाऱ्या द्रवासाठी पाणी आधीपासूनच बर्फाचे हवे. पंप बंद पडला तर आच लगेच काढायची, ही दक्षता नळालाही लागू आहेच.

शहराच्या या पूर्व भागाला २०२१ पासून भामा आसखेडचे पाणी मिळते. खेड तालुक्यातून इतक्या लांबून आणलेले पाणी बेसिनमध्ये सोडू नये. पुढच्या गुरुवारी ऊर्ध्वपातन पुढे ढकलू नका. बुधवारी बादली भरून ठेवा.