खंडांचे शब्द आणि कृष्णेचें पाणी

“सामुद्रधुनी म्हणजे दोन मोठ्या जलाशयांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी,” हें वाक्य प्राथमिक शाळेंतलीं मुलें घडाघडा म्हणून दाखवितात आणि घरचीं वडीलधारीं माणसें धन्य होतात. आफ्रिका खंडाचा पाठ आला कीं भूशिर, संयोगभूमी, पठार, मरूद्यान असे वीस-पंचवीस शब्द फळ्यावर लिहावयाचे, वहींत उतरवून घ्यावयाचे आणि परीक्षेच्या दिवशीं ओकून टाकावयाचे, ह्यालाच भूगोल म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या मतें ही निव्वळ पोपटपंची होय.

कोणी म्हणेल, दोष शब्दांचाच आहे. हे संस्कृत शब्द मुलांच्या गळीं उतरत नाहींत, त्यापेक्षां ‘स्ट्रेट’ आणि ‘पेनिन्सुला’ काय वाईट? हा युक्तिवाद आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ‘द्वीपकल्प’ ह्या शब्दाची फोड करून पाहा: द्वीपासारखें, म्हणजे जवळजवळ बेटच. ‘पेनिन्सुला’चाही मूळ अर्थ तोच, पण तो कळावयास आमच्या मुलाला लॅटिन शिकावें लागेल! धुनी म्हणजे नदी. सामुद्रधुनी ही समुद्राची नदी. ज्या शब्दाच्या पोटांतच व्याख्या आहे, तो न उलगडतां व्याख्या तेवढी घोकून घेणें हा शब्दावर आणि मुलावर सारखाच अन्याय आहे.

मिरजेसारख्या गांवीं तर हें अक्षम्यच म्हटलें पाहिजे. संगम पाहावयाचा तर हरिपूर जवळच आहे. तेथें वारणा कृष्णेला मिळते. पूरमैदान म्हणजे काय, हें २०१९ च्या ऑगस्टांत ह्या भागांतल्या लहानथोरांनीं पाहिलें. आणि २०१६ च्या एप्रिलांत ह्याच मिरजेहून पाण्यानें भरलेल्या आगगाडीच्या वाघिणी तहानलेल्या लातुरास गेल्या. ‘अवर्षण’ ह्या शब्दाला याहून बोलका धडा कोणता?

महाबळेश्वरीं उगम पावणारी कृष्णा, पश्चिमेचा समुद्र साठ-सत्तर किलोमीटरांवर असतां, त्याकडे पाठ फिरवून सुमारें १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरास कां मिळते, हें ज्याला उमगलें त्याला पठाराचा उतार आणि जलविभाजक हे दोन्ही समजले. मग त्याला खुशाल नाईलकडे न्यावें. इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस पडावा आणि पूर यावा कोरड्या मिसर देशांत, हा प्रकार १९७० सालीं आस्वानचा मोठा बांध पुरा होईपर्यंत वर्षानुवर्षें चालला होता. महाबळेश्वराचा पाऊस आणि मिरजेचें ऊन ठाऊक असलेल्या मुलास तो परका वाटणार नाहीं. सुवेझची संयोगभूमी १८६९ सालीं कालव्यानें कापली गेली. तोंपर्यंत यूरोपाच्या जहाजांना केप ऑफ गुड होपच्या भूशिरास वळसा घालून इकडे यावें लागे. एवढी एक हकीकत नकाशावर बोट फिरवीत सांगितली तर दोन शब्द कायमचे पदरांत पडतात.

शिक्षकांपाशीं वेळ नसतो, अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो, ही अडचण आम्ही जाणतों. परंतु गुणपत्रिकेवरून शिक्षकास जाब विचारणाऱ्या पालकांची गोष्ट वेगळी आहे. रविवारीं मुलाला कृष्णाघाटावर घेऊन जावयास त्यांना शिक्षणखात्याची परवानगी काढावी लागत नाहीं.