आधी कुणाला सांगायचं?

असोद्यातल्या आमच्या मित्रांच्या ग्रुपवर परवा एक जुनी बातमी पुन्हा फिरत आली. मुंबईतल्या एका फादरला पॉक्सो कोर्टाने जन्मठेप दिल्याची. खाली लगेच ‘हे बघा यांचे पाद्री’ आणि चार-पाच हसरे इमोजी. बातमी खरी आहे. हसणाऱ्यांनी ती नीट वाचली नव्हती, एवढंच.

गोवंडीच्या शिवाजीनगरमधल्या चर्चमध्ये २०१५ साली एका १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार झाला. घरची माणसं गरीब आणि श्रद्धाळू. ती आधी गेली मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांच्याकडे. कुटुंबाने पुढे बीबीसीला सांगितलं की कार्डिनलनी मुलासाठी प्रार्थना केली आणि आपल्याला रोमला निघायचं आहे म्हणाले. पोलिसांत गेलं ते कुटुंबच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर व्हॅटिकनमध्ये परिषद बोलावली, तेव्हा आयोजकांमध्ये ग्रेशस होते. आपल्याकडे आलेली प्रकरणं अधिक चांगली हाताळता आली असती, हे त्यांनीही त्या वेळी मान्य केलं. निकाल लागला डिसेंबर २०२१ मध्ये. फादर जॉन्सन लॉरेन्स यांना शिक्षा झाली तेव्हा तो मुलगा वयात आला होता.

आता आपल्याकडे या. खानदेशातल्याच एका गावात (नाव लिहीत नाही, कारण पुढे येईल) काही वर्षांपूर्वी एका आईने मकतबच्या उस्तादबद्दल तक्रार केली. ती कुठे गेली? मशिदीच्या ट्रस्टींकडे. रात्री इशाच्या नमाजनंतर बैठक बसली. सकाळी उस्ताद पहिल्या एसटीने निघून गेले. कुणी विचारलं नाही की ते आता कुठे शिकवतात. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने २००२ साली जे उघड केलं ते हेच होतं : फादरला या पॅरिशमधून त्या पॅरिशमध्ये हलवायचं आणि फाइल मिटवायची. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात बग दुसऱ्या सर्व्हरवर हलवून कुणी तिकीट बंद केलं, तर त्याची नोकरी जाईल.

ट्रस्टींची भीती मला कळते. ‘बात बाहर गयी तो टीव्हीवाले महिनाभर मदरसा-मदरसा करेंगे’ असं कुणीतरी त्या बैठकीत म्हणालं होतं, आणि ते खोटं नाही. मदरशांवर आधीच डोळा ठेवून बसलेले लोक आहेत. पण या भीतीची किंमत त्या आठ-नऊ वर्षांच्या पोराने का मोजायची? चर्चवालेही अल्पसंख्याकच आहेत, त्यांनाही हीच भीती असणार.

कायदा इथे अगदी साधा आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. मौलाना, ट्रस्टी, शिक्षक, शेजारी, सगळे त्यात आले. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. पंचायत बसवून ‘समझोता’ करण्याची सोय कायद्यात कुठेच नाही.

दुसरी बाजू आपल्या हातातल्या मोबाइलची. केरळमध्ये एका ननने बिशप फ्रँको मुलक्कल यांच्यावर बलात्काराची तक्रार केली. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये तिच्यासाठी पाच नन कोचीत धरणं धरून बसल्या, तर एका आमदाराने भर पत्रकार परिषदेत तक्रारदार ननला शिवी दिली. आणि तिच्याच संघाने पत्रकारांना दिलेल्या निवेदनासोबत तिचा फोटो जोडला! कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये बिशपना निर्दोष सोडलं, त्यावर अपील झालं आहे. निकाल काहीही लागो, फोटो वाटण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

त्याच वर्षी कठुआची आठ वर्षांची बकरवाल मुलगी. तिचा फोटो आपल्यापैकी किती जणांच्या डीपीवर होता, आठवा. माझ्याही होता. राग खरा होता, हेतू चांगला होता, पण कृत्य बेकायदा होतं. तिची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की पीडित व्यक्ती मरण पावली म्हणून तिची ओळख खुली होत नाही.

जळगावकरांना हे वेगळं सांगायला नको. १९९४ चं वासनाकांड माझ्या पिढीला फक्त मोठ्यांच्या कुजबुजीतून माहीत आहे. तपासात मीरां बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी होत्या, तरी साक्षीला उभं राहायला फार थोड्या जणी पुढे आल्या. पेपरांनी आकडे फुगवले, गावगप्पांनी नावं जोडली. ‘मुलगी जळगावची’ म्हटल्यावर स्थळं परत गेल्याचे किस्से आमच्या अम्मीच्या वयाच्या बायका आजही सांगतात.

म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव-फोटोच नव्हे, शाळा आणि मोहल्लाही छापता येत नाही. जिथे मकतब एकच आणि पोरं वीस, तिथे मकतबचं नाव लिहिलं की पोरगं कोण ते चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत ठरतं. मग संस्था मोकळी सुटते का, असा प्रश्न आमच्या संपादकीय बैठकीत आला आणि त्यावर वादही झाला. ठरलं ते असं : अशी तक्रार आमच्याकडे आली तर आम्ही प्रथम पोलिसांना कळवू, छापण्याचं नंतर. ट्रस्टला एकच प्रश्न लेखी विचारू, तुम्हाला कोणत्या तारखेला कळलं आणि पोलिसांना कोणत्या तारखेला सांगितलं? उत्तर आलं किंवा नाही आलं, मुलाची ओळख फुटणार नाही अशा रीतीने ते छापू. मग ट्रस्टी आपल्या चळवळीचे देणगीदार का असेनात.

तुमच्यापर्यंत एखादं मूल असं काही घेऊन आलं तर १०९८ लावा. जबाब घ्यायला पोलीस घरी येऊ शकतात, तेही वर्दीशिवाय. त्याच्या अम्मीला हे आधी सांगा. ठाण्याची पायरी चढायची या धास्तीनेच बऱ्याच जणी ट्रस्टींचं दार वाजवतात.