वेगाचा धनी कोण?

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण झाला. सुमारे ९४ किलोमीटरचा हा रस्ता आपल्या राज्याचे भूषण खरा. परंतु या भूषणाने किती घरांतले दिवे विझवले, हेही विसरून चालणार नाही. रंगभूमी गाजवणाऱ्या भक्ती बर्वे २००१ साली याच रस्त्यावरील अपघातात गेल्या. २०१२ साली आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. वर्तमानपत्राच्या दोन ओळींत संपून जाणारे ट्रकचालक आणि क्लीनर मात्र कुणाच्या लक्षात राहतात?

२०२४ सालापासून या रस्त्यावर कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली आणि ओरड उठली, ‘पोलिसांना तिजोरी भरायची आहे!’ मला हे पटत नाही. येथे मोटारगाडीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून पुष्कळ कमी. सारा रस्ता १०० ऐवजी १२० ने तोडला, तरी वाचतात जेमतेम दहा मिनिटे. उलट वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे शाळेतल्या पुस्तकातच आहे. दहा मिनिटांसाठी कोण शहाणा एवढा सौदा करील?

पूर्वी चालक कॅमेरा दिसला की ब्रेक दाबत आणि तो मागे पडला की पुन्हा सुसाट सुटत. आता दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजला जातो. दहा किलोमीटरचे अंतर ताशी ८० च्या वेगाने साडेसात मिनिटांचे आहे. ते कुणी सहा मिनिटांत कापले, तर त्याचा वेग १०० होता हे गणितच सांगते. तेथे ओळख चालत नाही आणि चिरीमिरीही चालत नाही.

अर्थात चालकाचेही काही हक्क आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे ‘गाडी जोरात होती असे मला वाटले’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कुणाला दोषी ठरवता येत नाही; त्या मताला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. २०२१ साली केंद्राने नियम केले, त्यांत यंत्राला मान्यतेचा दाखला असावा, तो दरवर्षी नवा करून घ्यावा आणि पुढे यंत्राने नजर ठेवली आहे अशी पाटी रस्त्यावर असावी, असे ठरले. लपून पकडण्यापेक्षा सांगून थांबवणे केव्हाही चांगले. पोलिसांनी हे पाळलेच पाहिजे.

पण माझा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. माझे वडील भाजीचा ट्रक चालवतात. माल भरायला रात्रीचे अकरा वाजतात, आणि मालकाचा हुकूम असतो की पहाटे बाजार सुरू व्हायच्या आत गाडी वाशीला लागलीच पाहिजे. उशीर झाला की भाव पडतो आणि बोलणी चालकाला बसतात. ट्रकला या रस्त्यावर मर्यादा ८० ची. ती पाळली तर वेळ चुकते. वेळ पाळली तर दंड होतो. चलान येते मालकाच्या नावावर आणि कापले जाते वडिलांच्या पगारातून! ‘शेठ, आता कॅमेरे आहेत,’ असे वडिलांनी एकदा सांगून पाहिले. ‘ते तुझं तू बघ,’ एवढेच उत्तर मिळाले. त्या महिन्यात माझी परीक्षेची फी उसनवारीवर भरली गेली.

गंमत अशी की, कायदा याबाबत आंधळा नाही. त्याच कलम १८३ मध्ये, मर्यादा मोडून गाडी चालवायला लावणारा मालकही गुन्हेगार ठरवला आहे. एवढेच नव्हे, तर मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नाही अशी वेळ एखाद्याने नेमून दिली असेल, तर ती नेमणूकच त्याच्याविरुद्धचा प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. मग हे कलम वापरायचे कुणी? कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो. वेळ कुणी नेमली, ते दिसत नाही. तेथे माणसानेच चौकशी करायला हवी. एकाच मालकाच्या गाड्यांवर वरचेवर दंड होत असेल, तर पोलिसांनी त्याला बोलावून माल किती वाजता भरला आणि किती वाजता पोचवायला सांगितला, हे दोन साधे प्रश्न विचारावेत.

मित्रहो, कॅमेरे असावेत, दंडही व्हावा. माझ्या वडिलांनी मर्यादा मोडली, तर त्यांनाही व्हावा. कारण घाटातल्या उतारावर दंडापेक्षा मोठी किंमत मोजावी लागते, आणि ती कुणाच्या पगारातून कापून घेता येत नाही. परंतु स्टिअरिंगवरच्या हाताला शिक्षा करताना, त्या हाताला घाई करायला लावणारे तोंड मोकळे सुटू नये. तसे झाले, तर रस्ते सुरक्षित होतील आणि पहाटेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसणारी आमच्यासारखी घरेही निश्चिंत झोपतील.