शब्द विचित्र कीं निरर्थक?

खेळांतील भाषेची चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. परंतु ज्या शब्दांच्या आधारें मुलें कल्पित राज्यांत तासच्या तास वावरतात, ते आम्हांस क्षुल्लक वाटत नाहींत. १९९७ सालीं जपानांत निघालेल्या 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' या व्हिडिओ गेममध्यें ड्रॅगन मुखांतून आग ओकतो. त्या फूत्काराला मुळांतच इंग्रजी 'ब्रेथ' हा शब्द आहे. पण जपानी लिपींत तो 'बुरेसु' असा उतरतो, आणि इंग्रजी भाषांतरांत त्याचें झालें 'ब्रेसलेट', म्हणजे कंकण! प्रसंग डोळ्यांपुढें न ठेवतां शब्दास शब्द जोडण्याचें हें फळ. २००७ च्या नव्या भाषांतरांत हें कंकण एकदांचें सुटलें.

उलट, त्याच मालिकेंतील चौथ्या खेळाच्या १९९१ च्या इंग्रजी अवतारांत मुलगी गमावलेला म्हातारा तिच्या प्रियकर भाटास 'स्पूनी' म्हणून हिणवितो. याचीही थट्टा झाली. वस्तुतः प्रेमवेड्यास लावावयाचा तो जुना, अस्सल इंग्रजी शब्द आहे, व पुढील आवृत्त्यांतही तो राखला गेला. या दोहोंस एकाच हशांत उडविणारे टीकाकार भाषेचे हितचिंतक नव्हेत. शब्द अपरिचित असणें हा दोष नव्हे. तो निरर्थक असणें हाच दोष होय.